उभ्या ट्रेलरचं हलणं

नऊ वर्षांपूर्वी मुसफ्फाच्या आमच्या यार्डात उभ्या असलेल्या एका ट्रेलरच्या चाकांमधल्या दोन उट्या मी काढल्या, आणि त्याच्या तोंडाखालची तिपाईही काढली. हे मी आजवर बायकोला सांगितलेलं नाही, कंपनीला सांगितलेलं नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देताना ‘काही टेन्शन आहे का?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही.

मंडळाच्या अंकासाठी प्रवासवर्णन द्या, म्हणून संपादकबाई चार वर्षं मागे आहेत. ‘कुठे गेलात, काय खाल्लंत, कोण भेटलं, एवढंच लिहा हो,’ म्हणाल्या. या जानेवारीत मी तीन दिवस रास अल खैमाला जाऊन आलो, ते लिहितो. तुमच्यापैकी पुष्कळजण तिथल्या डोंगरावर सहलीला जाऊन आलेले आहेत. डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागा आहेत, तिकडे सहसा कोणी वळत नाही. मला तिथे बोलावणं होतं. पण उट्यांची गोष्ट गाळून हा प्रवास सांगायला बसलो, तर तीनदा कागद फाडावा लागला.

उटी म्हणजे काय, ते गावाकडून आलेल्यांना सांगायला नको. बैलगाडी उतारावर उभी केली की चाकाखाली दगड लावतात, ती उटी. आमच्या ट्रेलरच्या धंद्यात ती लोखंडाची असते, एकामागे एक असलेल्या दोन चाकांच्या मध्ये बसते आणि पान्याने दोन्ही बाजूंना आवळली जाते. यार्डातल्या कामगारांसाठी चहा-नाश्त्याचा एक ट्रेलर होता. हा ट्रेलर मागे ओढायचा नसतो. त्याचं पुढचं तोंड उंच असतं आणि ते पिकअपच्या हौद्यात बसवतात. पिकअप काढून घेतली की तोंड दोन लोखंडी पायांवर हवेत राहतं. त्याच्या बरोबर मधोमध खालून तिपाईचा टेकू दिला नाही, तर आत एक माणूस चालला तरी सगळं डुलतं. त्या ट्रेलरमध्ये इनास चहा करायचा. वसईचा, माझ्याच वयाचा. मी यार्डाचा सुपरवायझर.

आणि मी मंडळाच्या नाटकातला कलाकार. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. शुक्रवारी संध्याकाळी आपलं वार्षिक नाटक होतं, आणि गुरुवारच्या रंगीत तालमीत नेपथ्यातला जिना हलायला लागला. त्या जिन्यावरून चहाचा ट्रे घेऊन उतरायचं होतं माधवीला, माझ्या बायकोला. ती घाबरली. तिचे कप थरथरताना शेवटच्या रांगेतूनसुद्धा ऐकू येत होते. मी म्हटलं, काळजी करू नकोस, हेच तर माझं काम आहे. यार्डात गेलो. इनास काम आटोपून कामगारांच्या कॅम्पवर गेला होता. जिन्याला खालून टेकू द्यायला ट्रेलरच्या उट्या आणि तिपाई काढली, गाडीत टाकली. शनिवारी पुन्हा लावायची होती. शुक्रवारी एक पाळी ओव्हरटाइमला येते, हे मला माहीत होतं. तरी काढली. एका दिवसात काय होतंय, असं वाटलं.

शुक्रवारी दुपारी इनास चहाची किटली घेऊन दारात आला, आणि ट्रेलरचं तोंड लोखंडी पायांखालच्या फळीवरून घसरून वीतभर खाली बसलं. इनास पायऱ्यांवरून उलटा पडला. डाव्या कानामागे लोखंड लागलं.

मला कळलं नाटक झाल्यावर. फोन मेकअपच्या खोलीत बंद होता. शनिवारी सकाळी सेफ्टी ऑफिसर यायच्या आधी मी यार्डात पोहोचलो. ट्रेलर कलंडलेला, उट्या आता बसणार नव्हत्या. मी त्या चाकाशेजारी जमिनीवर ठेवल्या. तिपाई तोंडाखाली आडवी टाकली. ऑफिसरने विचारलं, या बाहेर कशा? गुरुवारी इनासने ट्रेलरखाली पाणी मारून धुतलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, “धुवायला काढतो तो कधीकधी.” हे वाक्य खरं होतं. नऊ वर्षं मी त्याच्या खरेपणाला धरून राहिलो.

इनास पुन्हा लावायला विसरला, असं कागदावर आलं. दवाखान्यातून सुटल्यावर त्याला घरी पाठवलं.

निघताना

डिसेंबरात फोन आला.

“साहेब, ओळखलंत का? इनास. चहावाला.”

मी विचारलं, “वसईहून बोलतोयस?”

“छे हो, रास अल खैमा. दीड वर्ष झालं परत येऊन. एका अर्बाबच्या बागेवर कुक आहे.” अर्बाब म्हणजे इथला मालक. “त्याची मोठी कारवान आहे, आपल्या चहाच्या ट्रेलरसारखीच, पण आत सगळा थाट. मी तिच्यातच राहतो. पण साहेब, पाऊल टाकलं की डुलते. माझं कानाचं तुम्हाला माहीत आहे ना? उलट्याच होतात. अर्बाब म्हणतो, नीट कर नाहीतर दुसरा माणूस आणतो, तू घरी जा. लोक येतात, बघतात, इन्शाल्ला म्हणतात, जातात. मी त्याला म्हटलं, मुसफ्फात आमचे साहेब आहेत, त्यांच्यासारखं कोणी उभं करत नाही.”

नाही म्हणायची शंभर कारणं माझ्याकडे होती. मी म्हणालो, “येतो.”

निघायच्या दिवशी माधवीने थालीपिठाची भाजणी आणि लसणाची चटणी बांधून दिली. आमची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “बाबा, हू इज इनास?”

“यार्डातला जुना माणूस,” मी म्हटलं.

“अगं, तो पडला होता बघ, आमच्या नाटकाच्या वेळी,” माधवी म्हणाली. “बिचारा. स्वतःच काहीतरी लावायला विसरला आणि जन्माचं दुखणं घेऊन बसला.”

“सो सॅड,” मुलगी म्हणाली.

मी तिपाया, उट्या, स्क्रू-जॅक आणि जाड फळ्या गाडीत भरत होतो.

पहिला दिवस, डोंगराखाली

दुबई मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं सगळं उंचावणं थांबतं. मग सपाट, फिकट, मधूनच उंटांसाठी घातलेलं कुंपण. एका पंपाजवळ करक चहा घेतला. दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये. माधवी बरोबर असली की हे ती मोठ्याने म्हणतेच. त्या दिवशी माझा मीच म्हणालो, आणि चहा देणारा मलबारी पोरगा हसला. रास अल खैमाला डोंगर अचानक समोर उभा राहतो. झाड नाही, गवत नाही, फुटक्या खापरीच्या रंगाचा. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो आजारी वाटतो. संध्याकाळी मात्र तो जांभळा होतो, आणि मग बोलावंसं वाटत नाही.

बागेच्या फाटकापासून शंभर पावलांवर माझी गाडी रेतीत रुतली. तीस वर्षं या देशात काढली, आणि रेतीत घालताना टायरमधली हवा कमी करायची, हे विसरलो. चाकं फिरत राहिली, गाडी बसत गेली. समोरून पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक सत्तरीचे गृहस्थ हातात काठी घेऊन शांतपणे चालत आले, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“तुम मुहंदिस?” इंजिनियर का, असं ते विचारत होते.

“हां, अर्बाब.”

“इनास बोला, नंबर वन.” त्यांनी रुतलेल्या चाकावर काठीने टकटक केलं. “नंबर वन!” आणि पोट धरून हसले. मग स्वतः वाकून, माझ्या टायरच्या नळीची टोपी काढून, खिशातल्या चावीने फुस्स करून हवा सोडली. चारही चाकांची. मला हात लावू दिला नाही.

त्यानंतर चटईवर बसून कॉफी. अर्बाबचा शहरात बंगला आहे, त्यात किती खोल्या ते इनासलाही नीट सांगता येत नाही. पण थंडी पडली की सगळं घर इथे रेतीवर येऊन बसतं. आपल्याकडे माणूस ऐपत आली की अंगण बुजवून एक खोली वाढवतो. यांच्याकडे ऐपत आली की खोल्या सोडून अंगणात बसायला येतात, आणि शेकोटीपाशी मांडी घालून म्हणतात, हे खरं घर. कडवट, वेलचीची कॉफी, तीन घोट मावतील एवढा पेला. पेला रिकामा झाला की लगेच भरतात. नको असेल तर तो मनगटात हलवून परत द्यायचा असतो. हे मला माहीत होतं, पण इनास बागेतून येताना दिसला आणि मी हलवायचं विसरलो. सात पेले झाले.

इनास झाडाझाडाला हात लावत आला. दुरून वाटावं, हा खजुराच्या बुंध्यांना थोपटत येतोय. केस पांढरे झालेले, मिशी तीच.

“साहेब! जाड झालात.”

“तू बारीक झालास.”

“मी डुलतो ना, त्यात सगळं हलून पचतं.” आणि हसला. तेच जुनं हसणं. मग माझा हात धरला, आणि तो स्नेहाने धरलाय की तोल सावरायला, हे मला तीन दिवसांत कळलं नाही.

संध्याकाळी त्याने कारवानच्या बाहेर, उघड्यावर सुरमई तळली आणि अर्बाबच्या घरच्यांसाठी भात शिजवला. माझ्यासाठी वेगळं, व्हिनेगर आणि सुक्या मिरच्यांचं कालवण. “घरी फिलू करते तसं नाही होत,” म्हणाला. फिलोमिना ही त्याची बायको. स्वयंपाक झाल्यावर त्याने गॅसचं बटण बंद केलं. दोन पावलं गेला, परत आला, बटण बघितलं. भांडी आत ठेवली, परत आला, बटणावर बोट ठेवून, ओठ हलवत, काहीतरी मोजल्यासारखं केलं.

“हे काय?” मी विचारलं.

“आपलं खात्रीचं नाही ना,” तो म्हणाला. “तुम्हाला माहीतच आहे. एकदा विसरलो, माणूस मरता मरता वाचला. तो माणूस मीच, म्हणून बरं. दुसरा कोणी असता तर?” मग अगदी सहज म्हणाला, “घरी तर फिलू मला गॅसला हातच लावू देत नाही. आमच्या मुलाला, ग्लेनला, मुलगी झाली. पाच वर्षांची आहे. तिला शाळेतून आणायचं काम मी मागितलं, तर ग्लेन म्हणाला, पप्पा, नको, तुम्ही विसराल. चूक नाही त्याची. म्हणून तर इथे आलो. इथे विसरलो तर बकऱ्याच मरतील.”

मी कालवण खात होतो. फार चांगलं झालं होतं. तेच मी त्याला सांगितलं.

दुसरा दिवस, फळ्या आणि पाणी

उभा ट्रेलर का हलतो, हे धंद्यात नसलेल्यांना गमतीचं वाटतं. चाकं रबराची, त्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा. रस्त्यावर धक्के खाण्यासाठी केलेली सोय उभ्या गाडीत छळते. माणूस आत लांबीने चालला की ट्रेलर पुढे-मागे सरतो, कुशीवर वळला की आडवा डुलतो, आणि बसल्या जागी उठला तरी वरखाली होतो. एकच टेकू लावून तिन्ही थांबत नाहीत. एकेकाला वेगळं धरावं लागतं.

पहाटेची नमाज संपताच मी कामाला लागलो. रेतीवरची खारट पपडी पायाखाली मोडत होती. अशा जमिनीवर लोखंडी पाय टेकवले की महिन्यात बोटभर खाली जातात. म्हणून आधी खणलं, खडी दाबली, त्यावर जाड फळ्या मांडल्या.

“साहेब, कारवानचं लग्न लावताय का? केवढे पाट मांडलेत!” इनास म्हणाला.

“तू आत जा आणि चाल.”

कारवानचे पाय फळ्यांवर घेतले, तोंड समतल केलं. दोन चाकांच्या मध्ये नव्या उट्या बसवल्या आणि दोन्ही बाजूंनी आवळल्या. त्या आवळताना इनास खिडकीतून बघत होता. मी मान वर केली नाही. उट्यांनी पुढे-मागे थांबलं. मग तोंडाखाली मधोमध तिपाई, तिचा स्क्रू वर चढवत नेला, तोंडाचा भार तिच्यावर आला. मागच्या दोन कोपऱ्यांना जॅक. ते गाडी उचलण्यासाठी नसतात, नुसते घट्ट भिडवायचे असतात; जास्त उचललं तर सांगाडाच पिळतो. शेवटी पायापासून सांगाड्यापर्यंत तिरक्या पट्ट्या, आडव्या डुलण्यासाठी.

प्रत्येक टप्प्यानंतर आत टेबलावर काठोकाठ पाण्याने भरलेली थाळी ठेवायची आणि इनासला चालायला लावायचं. सकाळी थाळीतून पाणी सांडत होतं. दुपारी नुसत्या लाटा. चारच्या सुमाराला पाण्यावर एक बारीक शहारा, तोही थांबायचा.

अर्बाब आले. सत्तरीचा माणूस कारवानमध्ये चढला आणि मधोमध उभा राहून दोन उड्या मारल्या. थाळीकडे पाहिलं. “खलास! अमारत!” म्हणजे इमारतच झाली. माझ्या पाठीवर थाप मारून इनासला म्हणाले, “यल्ला, तुम भी नाचो!”

इनास दाराची चौकट धरून उभा होता.

“हलतंय, साहेब,” तो मराठीत, हळू म्हणाला.

“किती?”

“थोडं.”

अर्बाबना कळू नये म्हणून तो हसत होता.

तिसरा दिवस

सकाळी मी दाराच्या पायऱ्या काढल्या. त्या कारवानलाच लटकलेल्या असतात, पाय दिला की सगळ्याला झोका बसतो. त्यांच्या जागी जमिनीवर स्वतंत्र लाकडी पायऱ्या ठोकल्या. तिपाई पुन्हा आवळली. छतातला टांगता दिवा काढला, खिडकीचे पडदे बांधून टाकले, कारण कधीकधी घर हलत नाही, दिवा आणि पडदा हलतात आणि डोळे फसतात. आता आत हलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

दुपारी अर्बाबकडची माणसं नमाजाला गेली. मी थाळी काठोकाठ भरून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “चाल.”

तो दारापासून पलंगापर्यंत चालला. परत आला. भिंतीला हात लावत. थाळीतलं पाणी काचेसारखं होतं. डोंगराखालून खडीचा एक ट्रक गेला, तेव्हा तेवढा एक कंप आला, आणि गेला.

“हलतंय,” इनास म्हणाला.

“पाणी बघ.”

त्याने पाणी बघितलं. खाली वाकून, डोळा थाळीच्या काठाशी आणून बघितलं. बराच वेळ. मग बाकड्यावर बसला.

“म्हणजे मीच,” म्हणाला. “मला वाटलं होतं, कारवानचं आहे. डॉक्टर म्हणाला होता, कानातलं गेलंय, येणार नाही. तरी वाटलं.” त्याने गुडघ्यांवर हात चोळले. “साहेब, तुमचे तीन दिवस फुकट गेले हो. माफ करा. काय आहे, देव बघतो. मी उट्या लावायला विसरलो ना, त्याचं हे. विसरणाऱ्याला त्याने कायमचं लक्षात ठेवायला लावलंय.”

मी म्हणालो, “इनास, तू विसरला नव्हतास.”

त्याने मान वर केली.

“उट्या मी काढल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी. तू गेल्यावर. तिपाईसुद्धा.”

मी थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो, म्हणून एका दमात सगळं सांगितलं. जिना, तालीम, शनिवारची सकाळ, चाकाशेजारी ठेवलेल्या उट्या, ऑफिसरला सांगितलेलं वाक्य.

बोलून झालं. बाहेर पंपाने बागेला पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता.

“तिपाईसुद्धा?” त्याने विचारलं.

“हो.”

“नाटकासाठी?”

“हो.”

“नाटक कसं झालं?”

“चांगलं झालं,” मी म्हणालो. कारण चांगलंच झालं होतं.

“वहिनी पडल्या नाहीत ना?”

“नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याने उजवा हात वर धरला आणि मनगट फिरवलं, पाना आवळतात तसं. “मला आठवत होतं, साहेब. गुरुवारी धुतल्यावर मी उट्या परत बसवल्या. शेवटचा अर्धा फेरा जोर लावून मारला, इथे कळ आली. दवाखान्यात मी नर्सला सांगितलं, मी लावल्या होत्या. ऑफिसरला सांगितलं. पण तो म्हणाला, सुपरवायझर म्हणतो तू काढतोस. मग मी म्हटलं, साहेब खोटं कशाला बोलतील? म्हणजे माझी आठवणच खोटी. डोक्याला मार लागलाय, काहीतरी मनाचं रचत असेन. तेव्हापासून मी माझ्या आठवणीला काही विचारतच नाही. बटण बंद केलं का, विचारत नाही. जाऊन बघतो.”

“इनास, मी—”

“थांबा जरा.”

तो उठला आणि बाहेर गेला. नव्या पायऱ्या चांगल्या घट्ट होत्या, तरी कठडा धरूनच उतरला. झाडाझाडाला हात लावत बागेच्या टोकापर्यंत गेला. मी खिडकीतून बघत होतो. टोकाला कुंपणापाशी तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, एक हात कुंपणावर.

मी मध्ये एकदा थाळीला धक्का लागला म्हणून पाणी पुसलं. दुसरं काय करणार?

परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता. चुलीपाशी गेला. “भात झाकून ठेवलाय. मासा आहे. जेवून घ्या,” म्हणाला. “मी नाही बसत.” तीन दिवसांत तो पहिल्यांदाच माझ्याबरोबर जेवला नाही. मी दोन घास खाल्ले. ते न खाणं जास्त वाईट झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आता तसंही वाटत नाही.

मी सामान भरत असताना तो आला. उभं राहायला त्याने माझ्याच गाडीचं दार धरलं.

“तुम्ही मला सांगितलंत. ठीक आहे,” तो म्हणाला. “पण मला सांगून काय होणार, साहेब? मी इथे, बकऱ्यांत. मला विसरभोळा म्हणणारं इथे कोणी नाही. तिकडे आहेत. फिलूने सात-आठ वर्षं माझ्या हातात काडेपेटी दिली नाही. ग्लेन मला पोरीचा हात धरू देत नाही. मी त्यांना सांगितलं तर काय म्हणतील? म्हणतील, पप्पाला आता असंही आठवायला लागलं.”

“मी फोन करतो. आत्ता करतो.”

“फोन नको.” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “फोनवर कोणीही काहीही बोलतं. घरी जा. फिलूसमोर, ग्लेनसमोर. आणि ती छोटी असेल तर तिलाही बसवा.”

“जातो.”

“इन्शाल्ला म्हणू नका,” तो म्हणाला. “जा.”

तेवढ्यात अर्बाब आले. हातात खजुराचा डबा आणि ताज्या लिंबांची पिशवी. “मुहंदिस! इनास, ठीक? हिलता नहीं?”

इनासने गाडीचं दार सोडलं आणि सरळ उभा राहिला. त्यासाठी त्याला किती कष्ट पडले, ते मला दिसलं. “नहीं हिलता, अर्बाब,” तो म्हणाला. “खलास. एकदम पक्का.”

अर्बाबनी तो डबा माझ्या हातात दिला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या आईबापांसाठी दुआ मागितली. मी शुक्रन म्हणालो.

नंतर

खजूर उत्तम होते. घरी दोन आठवडे पुरले. माधवीने शेजारीही वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, की आमचे हे एका आजारी माणसाचं घर नीट करून द्यायला रजा टाकून गेले होते.

मार्चमध्ये पुतण्याच्या लग्नासाठी मी मुंबईला गेलो. आठ दिवस होतो. लग्न बोरिवलीत होतं, आणि तिथून वसई किती जवळ आहे, ते मुंबईकरांना माहीत आहे. पहिले तीन दिवस लग्नाची कामं होती. चौथ्या दिवशी मी वसईला जायला टॅक्सी बोलावली, आणि ती आल्यावर ड्रायव्हरला विलेपार्ल्याला न्यायला सांगितलं, एका मावशीकडे. तिच्याकडे मला काही काम नव्हतं. उरलेले दिवस मी काय केलं, हे आठवत नाही असं म्हणणं सोपं आहे. आठवतं. साड्यांच्या दुकानात बसलो होतो.

इनासचा फोन आला नाही. मीही केला नाही. कारवान अजून घट्ट आहे का, उट्या उन्हाळ्यात सैल पडल्यात का, हे विचारायच्या निमित्ताने दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. हिवाळा संपला, अर्बाबकडची माणसं शहरात परतली असतील. तो आत एकटा राहत असेल, भिंतीला हात लावत. जे हलत नाही ते त्याला हलतं आहे, आणि ते थांबवणं माझ्या पान्यात नाही.

माधवी, हे तू छापलेलं वाचशील. आधी तुला सांगायला हवं होतं. जिना हलू नये एवढंच मला त्या दिवशी हवं होतं. ते मी कोणाच्या अंगावर ढकललं, हे तुला आता कळलं. तुम्हा सगळ्यांना कळलं. पण हे छापून आलं म्हणजे सांगून झालं, असं नाही. वसईच्या त्या घरात हा अंक जात नाही.

मी अजून तिथे गेलेलो नाही. फिलोमिना आणि ग्लेन यांच्यासमोर उभं राहून, इनासने त्या गुरुवारी उट्या लावल्या होत्या, तो विसरला नव्हता, आणि त्या मी काढल्या, हे माझ्या तोंडाने सांगणं माझ्याकडून बाकी आहे.